अनुदानाचं झटका कुंपण: टेस्टर आठ दाखवतो, डुकरं तरी आत येतात

सौर झटका कुंपणाची तक्रार ठरलेली असते. मशीन टिकटिकतंय, दिवा लागतोय. बसवलं तेव्हा पहिले पंधरा दिवस एकही रानडुक्कर फिरकलं नाही, आणि आता सकाळी बघावं तर भुईमुगाच्या ओळी नांगर फिरवल्यासारख्या उकरलेल्या. मग दुकानदाराला फोन जातो, मशीन सोडून नेलं जातं, तपासून परत येतं आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. याचं कारण साधं आहे. बहुतेक वेळा दोष मशीनमध्ये नसतोच. तो जमिनीत, तारेच्या गाठीत किंवा बांधावरच्या गवतात असतो, आणि अनुदानातून येणाऱ्या संचात या तिन्हींची सोय तुटपुंजी असते.

आधी पैशाचं गणित, कारण पुढची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वैयक्तिक सौर कुंपणाला खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. बाकीचा वाटा शेतकऱ्याचा. म्हणजे १६,००० चा संच घेतला तर अनुदान १२,०००. २०,००० चा घेतला तर १५,०००. ३२,००० चा घेतला तरी १५,०००च. वीस हजारांच्या वरचा प्रत्येक रुपया आपल्या खिशातला. म्हणून विक्रेते संच वीस हजारांच्या आसपास बसवतात: मशीन, पॅनल, बॅटरी, भोंगा. त्या आकड्यात बसवायचं म्हटलं की काटछाट होते ती अर्थिंगच्या (मशीनला जोडून जमिनीत ठोकायच्या) सळईत, तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरमध्ये आणि जोडणीच्या केबलमध्ये. झटका बसणं न बसणं नेमकं या तीन वस्तूंवर ठरतं. तेव्हा तार आणि खांबांखेरीज यांच्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवावेत.

पावसाळ्यात झटका गळतो, उन्हाळ्यात अडतो

झटका लागतो म्हणजे काय होतं? मशीन साधारण सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका तारेत सोडतं. जनावराचं नाक तारेला लागतं, ठोका अंगातून पायात, पायातून जमिनीत जातो आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईमार्गे मशीनकडे परत येतो. हे वर्तुळ पुरं झालं तरच झटका. पावसाळ्यात जमीन ओली असते, परतीची वाट उत्तम असते, पण ओलं गवत आणि पिकाच्या फांद्या तारेला टेकून ठोका वाटेतच जमिनीत सोडतात. मार्चनंतर उलटं. गवत वाळलेलं, गळती जवळजवळ नाही, टेस्टर दिमाखात आठ-नऊ हजार व्होल्ट दाखवतो. पण काळ्या मातीला भेगा पडून सळईभोवतीची माती सुटलेली असते आणि परतीची वाट बंद असते. आकडा मोठा, झटका मुंगी चावल्याएवढा. शीर्षकातलं कोडं ते हेच.

म्हणून ऋतू बघून तपासणीचा क्रम बदला. जून ते ऑक्टोबर आधी गवत आणि इन्सुलेटर बघा, फेब्रुवारी ते मे आधी अर्थिंग.

मोजायचं कशाने

घरातला मल्टिमीटर तारेला लावू नका. तो ६०० ते १,००० व्होल्टपर्यंतचा असतो, पहिल्याच ठोक्याला जातो. कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो. पाच दिव्यांचा स्वस्तात येतो, आकडे दाखवणारा थोडा महाग. शक्य असेल तर आकड्यांचाच घ्या, कारण तीन दिवे लागले म्हणजे नक्की किती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मल्टिमीटर लागतो तो फक्त बॅटरीला.

कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला गाय-बैलांसाठी किमान २,००० व्होल्ट हवेत. रानडुकरासाठी ४,००० च्या खाली समाधान मानू नका, त्याचे राठ केस आणि अंगावरचा वाळलेला चिखल झटका अडवतात.

पहिली तपासणी: मशीन सुटं करून

मशीन बंद करा, कुंपणाकडे जाणारी तार काढा, पुन्हा चालू करून मशीनच्या दोन टोकांवर मोजा. सात-आठ हजार आले तर मशीन ठीक आहे, ते दुकानात नेण्यात फेरी वाया जाईल. इथेच दोन-तीन हजार आले तर आधी बॅटरी बघा.

बॅटरी बघण्याची वेळ पहाटेची, पॅनलवर ऊन यायच्या आत. दुपारी पॅनल चार्ज करत असताना मेलेली बॅटरीसुद्धा साडेतेरा व्होल्ट दाखवते आणि माणूस फसतो. पहाटे १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली, ११.८ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. असं रोज होत असेल तर ती बॅटरी फार दिवस टिकायची नाही. हिशेब करून बघा: मशीन ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर बारा तासांच्या रात्रीला ३.६ अँपिअर-तास लागतात, चोवीस तास चालवलं तर ७.२. संचातली बॅटरी ७ अँपिअर-तासांची असेल तर ती एका रात्रीत निम्मी होते. आषाढात चार दिवस सूर्य दिसला नाही की कुंपण बंद पडलं. २६ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी साडेतीन रात्री काढते. विक्रेत्याला मशीनचे 'जूल' (ठोक्यातली ऊर्जा) विचारण्याआधी बॅटरी किती अँपिअर-तासांची ते विचारा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. बसवताना उन्हात असलेलं पॅनल दोन वर्षांत शेजारच्या कडुलिंबाच्या सावलीत गेलेलं असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी तपासणी: अर्थिंग

संचाबरोबर बऱ्याचदा दोन-तीन फुटांची एकच सळई येते. ती पुरत नाही. सहा फुटांच्या, गॅल्व्हनाइज केलेल्या (जस्ताचा थर दिलेल्या, म्हणजेच जीआय) तीन सळया किंवा एक इंची जीआय पाईप लागतात, एकमेकांपासून किमान दहा फुटांवर ठोकलेले, एकाच सलग तारेने आणि क्लॅम्पने जोडलेले. बांधकामाची उरलेली सळई वापरू नका, ती गंजते आणि गंज वीज अडवतो. तांब्याची तार जीआय सळईला गुंडाळणं हीसुद्धा नेहमीची चूक. दोन धातू ओलाव्यात भेटले की सांधा आतून खाल्ला जातो, वरून मात्र धड दिसतो. घराच्या किंवा मोटरपंपाच्या अर्थिंगपासून या सळया किमान १० मीटर लांब हव्यात, नाहीतर ठोका गोठ्यातल्या पाण्याच्या नळापर्यंत पोचतो आणि म्हैस पाणी पिणं सोडते.

आता अर्थिंगची परीक्षा. मशीन बंद करा. मशीनपासून शंभरेक मीटरवर दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवा, म्हणजे ठोका मुद्दाम जमिनीत सोडा. मशीन चालू करा, तारेवर २,००० च्या खाली आकडा यायला हवा. येत नसेल तर मशीन बंद करून आणखी एखादी पहार टेकवा. मग शेवटच्या अर्थिंग सळईवर टेस्टरचं एक टोक धरा आणि दुसरं टोक तिथून एक मीटरवर मातीत खुपसा. २०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालतं. ५००, ८०० आले तर परतीची वाट अपुरी आहे, सळया वाढवा. एक वाढवून पुन्हा मोजा, आकडा खाली येईपर्यंत. ही एवढी परीक्षा न करता मशीन बदललं जातं, आणि नव्या मशीनला तीच जुनी सळई जोडली जाते.

जागा निवडताना मशीनच्या पायाशीच सळया हव्यात असा हट्ट धरू नका. विहिरीची कड, शेततळ्याचा पाझर, पाट, जिथे वैशाखातही ओल राहते तिथवर तार नेली तरी चालते. काळ्या रानात उन्हाळ्यात सळईभोवतीच्या भेगा माती कोंबून बुजवा आणि आठवड्याला प्रत्येक सळईवर दोन बादल्या पाणी ओता. मुरूम किंवा जांभ्यात सळई दोन फुटांवर अडते. तिथे आणि फार कोरड्या माळावर दुसरा उपाय आहे: खालून पहिली तार चालू, दुसरी अर्थिंगला जोडलेली, तिसरी चालू. घुसताना जनावराचं अंग दोन्ही तारांना लागतं, त्यामुळे जमिनीवर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त गवताने या दोन तारा एकमेकींना भेटल्या की सगळं कुंपण बंद पडतं, तेव्हा तण काढण्यात कुचराई चालत नाही.

तिसरी तपासणी: गळती शोधणं

मशीन एकटं आठ हजार देतं, अर्थिंग पास झालं, आणि कुंपण जोडल्यावर दोन-अडीच हजार येतात. म्हणजे तारेवर कुठेतरी गळती आहे. सगळ्या बांधाने डोळे फाडत फिरण्यापेक्षा कुंपण निम्म्यात तोडा. मधल्या खांबापाशी जोड सोडा, पहिल्या अर्ध्यावर मोजा. आकडा चढला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग. तीन-चार वेळा केलं की चाळीस-पन्नास मीटरचा तुकडा हातात येतो. यासाठी सुरुवातीलाच चार कोपऱ्यांवर कट-आउट स्विच (कुंपणाचा तेवढा भाग तोडणारे) बसवले असतील तर पक्कड काढावी लागत नाही. दर वेळी तार सोडताना आणि जोडताना मशीन बंद करायला विसरू नका.

त्या तुकड्यात संध्याकाळी अंधार पडल्यावर जा आणि बोलणं थांबवून उभे राहा. गळती असेल तिथे ठोक्याच्या तालावर 'टक्... टक्...' ऐकू येतं, आणि तडकलेल्या इन्सुलेटरवर निळसर ठिणगी दिसते. जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर कुठलंही केंद्र लागणार नाही अशा जागी सुई ठेवा आणि तारेच्या कडेने चाला. खटका जिथे मोठा होतो तिथे थांबा.

काय सापडतं तेही ठरलेलं असतं. खांबावर तार बांधायला ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे घातलेले असतात. नळी प्लास्टिकची असली तरी तिचा काळा रंग कार्बनचा, आणि सहा-सात हजार व्होल्टला पावसात ती गळते. दिसायला अखंड असते, म्हणून शेवटपर्यंत तिच्यावर संशय जात नाही. त्याऐवजी रील किंवा डब्ल्यू इन्सुलेटर घ्या आणि कोपऱ्यावर ताण सोसणारे वेगळे. स्वस्त इन्सुलेटर उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात, नखाने दाबून बघितलं की भुगा पडतो.

दुसरी जागा फाटकाखाली. तिथून घरातल्या वायरिंगची वायर पुरून नेलेली असते. तिचं आवरण ११०० व्होल्टचं, आपला ठोका सात-आठ हजारांचा. पहिल्या पावसात ती मातीतच झटका देत बसते. झटका कुंपणासाठी दुहेरी आवरणाची उच्च दाबाची केबल मिळते, तीच वापरा, तीही पाईपमधून. मशीनपासून तारेपर्यंत आणि सळईपर्यंतच्या जोडणीलाही हीच.

तिसरी जागा गाठ. लांबच्या टोकाला आकडा पडतो पण मशीनजवळ चांगला असतो, तेव्हा गंजलेल्या गाठीवर संशय घ्या. नुसती पिळून बांधलेली तार वर्षभरात आतून गंजते. गाठ दोन फासे एकमेकांत अडकवून ओढलेली हवी किंवा क्लॅम्पने दाबलेली. तारेचं म्हणाल तर २० गेजची बांधकामाची तार आणि १४ गेजची जीआय तार यांच्या जाडीत एवढा फरक आहे की बारीक तारेचा विरोध पाचपट होतो. क्लच वायर (बारीक तारांना पीळ देऊन केलेली) हाताळायला सोपी, म्हणून खपते, पण तिच्या पिळात पाणी मुरून गंज धरतो. कायमच्या कुंपणाला १४ गेजच घ्या. किलोला साधारण ३९ मीटर भरते.

आणि गवत. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कापावंच लागतं. तारेखाली दोन्ही बाजूंनी फूटभर पट्टा साफ. तुरीची आणि कपाशीची शेवटची ओळ लावतानाच तारेपासून तीन फूट आत घ्या, भाद्रपदात फांद्या कुठवर येतील ते जूनमध्ये दिसत नाही. व्होल्टेज पडलं की ओरडणारा भोंगा गवतामुळेच रात्रभर ओरडतो, आणि वैतागून त्याचीच वायर कापलेली दिसते. भोंगा बरोबर सांगत असतो.

आकडा, अर्थिंग, तार सगळं ठीक, तरी जनावर आत

मग उंची चुकली आहे. रानडुक्कर नाकाने वाट शोधतं. पहिली तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, दुसरी ४० ते ४५, तिसरी ७० ते ७५. पहिली तार फूटभरावर असेल तर डुक्कर मान घालून खालून घुसतं, झटका मानेच्या राठ केसांवर बसतो आणि ते मागे फिरण्याऐवजी पुढे पळतं, तार तोडून. बांध उंचसखल असेल तर खोलगट जागी तारेखाली मोठी फट राहते. तिथे जादा खांब ठोकून तार खाली ओढा. मोकाट गुरांना ६० आणि ९० सेंटिमीटरच्या दोन तारा पुरतात. रोही (नीलगाय) मात्र उडी मारतो, त्याच्यासाठी पाच-सहा तारा, दीड मीटरच्या वर.

कुंपण पहिल्या रात्रीपासून चालू हवं. आठवडाभर नुसती तार उभी राहिली, डुकरांनी ती निर्धोक ओलांडली, की नंतर झटका बसला तरी ती वाट सोडायला तयार नसतात. पीक निघाल्यावर बंद करून पेरणीला चालू केल्यावरही हाच प्रकार होतो.

लांबी मोजताना होणारी फसगत

मशीनवर 'तीन एकर', 'दहा एकर' असं लिहिलेलं असतं. एकरावर जाऊ नका, परिघावर जा. तीन एकराचं चौकोनी रान साधारण ४४० मीटर परिघाचं. तेच तीन एकर वाटणी होऊन ४० मीटर रुंदीची पट्टी झाली असेल तर परीघ ६८० च्या पुढे जातो. तीन तारांना पहिल्या रानात १,३२० मीटर म्हणजे ३४ किलो तार, पट्टीला २,०५० मीटर म्हणजे सुमारे ५३ किलो. १५ फुटांवर एक धरला तर खांब ९७ ऐवजी १५०. अर्ज करण्याआधी टेपने मोजा.

भावकीत धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन मशीनं असतील तर दोन कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर हवं, एकाच वेळी दोन्हींना हात लागता कामा नये. त्यापेक्षा दोघांत एक मोठं मशीन परवडतं, भावकीचं जमत असेल तर.

जे कधीच करायचं नाही

झटका कमी पडतो म्हणून थेट लाइनचा करंट तारेत सोडणं. मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, मध्ये सेकंदभराची उसंत, म्हणून माणूस हात सोडवू शकतो. थेट २३० व्होल्टला उसंत नसते, स्नायू आखडून हात तारेलाच चिकटतो. दरवर्षी पिकाला पाणी द्यायला निघालेली माणसं अशा तारांवर मरतात. वीज कायदा २००३, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि सदोष मनुष्यवध असे तिन्ही गुन्हे लागू शकतात. जुन्या काटेरी तारेतही झटका सोडू नका, त्यात अडकलेलं अंग सुटत नाही. झटका कुंपणाच्या सुरक्षा मानकातच त्याला मनाई आहे. रस्त्याच्या बाजूने पिवळ्या पाट्या लावा, किमान १० बाय २० सेंटिमीटरच्या. वळवाचे ढग दिसले की मशीन कुंपणापासून सोडा, आणि वीज अटकाव किट बिलात घालून घ्या.

अनुदान अडकतं ते इथे

आधी गाव योजनेत बसतं का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. योजना वन्यप्राण्यांचा उपद्रव असलेल्या गावांसाठी आहे, सरसकट नाही. त्याच फेरीत मंजूर साहित्याच्या यादीत सळया, केबल, इन्सुलेटर धरतात का तेही विचारून घ्या. धरत असतील तर संख्या आणि लांबीसकट बिलात यायला हव्यात, 'इतर साहित्य' असं मोघम नको. मशीनचा अनुक्रमांक आणि वॉरंटीचे महिने बिलावरच लिहून घ्या. देखभाल पुढे लाभार्थ्याचीच असते, तेव्हा हा कागद लागतो.

पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल हे महाडीबीटीवरच्या (सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) अर्जांचं नेहमीचं दुखणं. पेरणी तोंडावर आली म्हणून माणूस आधी बसवून टाकतो आणि अनुदान जातं. घाई असेल तर तार-खांब आधी उभे करा, मशीनचा संच मंजुरीनंतर घ्या. सातबारा आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो अर्जाआधी मिटवा. सामाईक क्षेत्र असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, ते ऐनवेळी मिळत नाही.

सगळं मंजूर होऊन पैसे आले नाहीत तर बँकेत एकच प्रश्न विचारा: एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे? रक्कम आधारवरून जाते, त्यामुळे अर्जाला जोडलेल्या पासबुकाच्या खात्यात नव्हे तर शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. ते खातं बऱ्याचदा गॅसच्या अनुदानासाठी उघडलेलं आणि विसरलेलं असतं, आणि पैसे तिथे आधीच येऊन पडलेले असू शकतात.